नायगारा: व्हिसाची रेषा आणि पाण्याची पाळी

मे महिना उजाडला की न्यू जर्सी, बोस्टन, टोरांटो अशा ठिकाणी मुलांकडे राहायला गेलेल्या आई-बाबांच्या घरात नायगाराचा बेत शिजू लागतो. प्रश्नही ठरलेले असतात. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, मग पलीकडे कॅनडात का जाता येणार नाही? खरा नायगारा कॅनडाकडूनच दिसतो म्हणतात, मग इकडून पाहण्यात काय राम? आणि रात्री धबधब्याचं पाणी कमी करतात म्हणे, ते खरं का?

तिसरा प्रश्न अफवेसारखा वाटतो, पण त्यात तथ्य आहे. नायगारावरून किमान किती पाणी पडलं पाहिजे, हे दोन देशांनी करार करून ठरवलं आहे, तेही तासांसकट. म्हणून माझं सांगणं असं की नायगाराचा बेत हॉटेलपासून सुरू करू नये. आधी पासपोर्ट उघडावा, मग घड्याळ बघावं, मग कॅलेंडर. हॉटेल सगळ्यात शेवटी.

आधी नकाशा नीट समजून घेऊ

नायगारा ही नदी आहे, जेमतेम ५८ किलोमीटर लांबीची. ती ईरी सरोवरातून निघते आणि ऑन्टारिओ सरोवराला मिळते. लांबीने लहान, पण वरच्या चार महाकाय सरोवरांचं पाणी याच वाटेने पुढे जातं. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी ही नदी नव्हे, बारा महिने भरून वाहते.

कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेला, हे आपण शाळेत शिकलो. इथे मात्र नदीच दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे धबधब्यापाशी अमेरिका पूर्वेला आणि कॅनडा पश्चिमेला येतो. ही दिशा लक्षात ठेवा, इंद्रधनुष्य कुठून आणि केव्हा दिसेल हे तिच्यावरच ठरतं.

काठावरून कोसळण्याआधी नदी गोट आयलंड नावाच्या बेटाला धडकून दुभंगते. बहुतेक पाणी, साधारण नव्वद टक्के, पश्चिमेकडच्या फाट्याने जातं आणि घोड्याच्या नालेसारख्या वळणावरून ५७ मीटर खाली पडतं. तो हॉर्सशू फॉल्स. उरलेलं पाणी पूर्वेकडच्या अमेरिकन फॉल्सवरून पडतं आणि त्याच्या शेजारच्या चिंचोळ्या ब्रायडल व्हेल फॉल्सवरून. अमेरिकन फॉल्सच्या पायथ्याशी वरून कोसळलेल्या दगडांचा मोठा ढीग साचला आहे, म्हणून तिथे पाण्याची थेट उडी फक्त २१ ते ३४ मीटरची. म्हणजे धबधबे तीन, नदी एक आणि देश दोन. सीमारेषा नदीतून जाते आणि हॉर्सशू फॉल्सला छेदते. त्या नालेचा मोठा भाग कॅनडात आहे, पूर्वेकडचं टोक अमेरिकेत.

गावाच्या नावाचा घोटाळा वेगळाच. नायगारा फॉल्स नावाची दोन शहरं समोरासमोर आहेत, एक न्यूयॉर्क राज्यात, दुसरं कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात. हॉटेल शोधताना दोन्हींची नावं एकाच यादीत येतात आणि घाईत भलत्याच देशातली खोली आरक्षित होते. पैसे भरण्याआधी पत्त्यात न्यूयॉर्क लिहिलंय की ऑन्टारिओ, एवढं बघाच. गाडीत रस्ता दाखवणाऱ्या ॲपमध्येही नुसतं शहराचं नाव टाकू नका, वाहनतळाचा पूर्ण पत्ता टाका. चुकीच्या मार्गिकेत शिरलेली गाडी थेट सीमेच्या पुलावर जाते आणि तिथून सहजासहजी मागे वळता येत नाही.

व्हिसा कोणाला लागतो?

उत्तर एका ओळीचं आहे: पासपोर्ट भारतीय असेल तर अमेरिकेसाठी अमेरिकेचा आणि कॅनडासाठी कॅनडाचा, असे दोन स्वतंत्र व्हिसा लागतात. युरोपात शेंगेन व्हिसावर अनेक देश फिरता येतात, तशी सोय या दोन देशांत नाही. अमेरिकेचा व्हिसा कितीही वर्षांचा असो, कॅनडाच्या अधिकाऱ्याच्या लेखी तो प्रवेशाचा परवाना ठरत नाही. काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेचा व्हिसा असल्यास कॅनडात विमानाने जाण्यासाठी सोपी ऑनलाइन परवानगी मिळते. २०२३ मध्ये त्या यादीत भर पडली, तेव्हा ती बातमी आपल्याकडेही बरीच फिरली. त्या यादीत भारत नव्हता.

अपवाद ग्रीन कार्डचा. अमेरिकेचं वैध ग्रीन कार्ड आणि वैध भारतीय पासपोर्ट असे दोन्ही हातात असतील तर कॅनडाला भेट देण्यासाठी व्हिसा लागत नाही. उलट दिशेने मात्र ही सवलत मिळत नाही. कॅनडाचं कायम वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला अमेरिकेच्या बाजूला यायला अमेरिकेचा व्हिसा काढावाच लागतो. त्यामुळे एकाच घरात चौघांचे चार नियम असू शकतात: मुलगा एच-१बी व्हिसावर, म्हणून त्याला कॅनडाचा व्हिसा हवा, सुनेकडे ग्रीन कार्ड, तिला नको, नात जन्माने अमेरिकन, तिला अर्थातच नको, आणि आई-बाबा पर्यटक व्हिसावर, त्यांना हवा. गाडी एक असली तरी कागद प्रत्येकाचे वेगळे तपासले जातात.

व्हिसा आणि मुक्कामाची तारीख यांत फरक आहे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा एवढंच सांगतो की अमुक तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दारात येऊन प्रवेश मागू शकता. आत आल्यावर किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. ही नोंद आता बहुतेक वेळा ऑनलाइनच असते आणि सरकारी संकेतस्थळावरून ती काढून घेता येते. पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते.

कॅनडात जाऊन ३० दिवसांच्या आत परतलात तर साधारणपणे तीच जुनी आय-९४ चालू राहते. म्हणून "नायगाराला पलीकडे जाऊन आलो की नवे सहा महिने मिळतील" या भरवशावर परतीचं तिकीट पुढे ढकलू नका. मुदत वाढवून हवी असेल तर त्याचा अर्ज वेगळा असतो.

याच ३० दिवसांच्या नियमाचा एक फायदाही आहे. अमेरिकेत नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्या कुणाचा व्हिसा संपला, पण आय-९४ अजून वैध आहे, तर कॅनडाची छोटी फेरी करून त्याला परत प्रवेश मिळू शकतो. मात्र त्या फेरीत त्याने कॅनडात अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. नियम बदलतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यात दोन्ही देशांची सरकारी संकेतस्थळं बघून घ्या. एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अनुभवावर असले निर्णय सोडू नका.

"अहो, तासाभरासाठीच तर जायचंय"

रेनबो ब्रिज हा पूल १९४१ मध्ये खुला झाला. त्यावर पादचाऱ्यांसाठी वाट आहे, आणि अमेरिकेच्या काठावरून समोरची कॅनडातली हॉटेलं इतकी जवळ दिसतात की चालत जाऊन फोटो काढून यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण तासाभराची भेट आणि महिन्याची भेट, कायद्याला दोन्ही सारख्याच. पलीकडच्या टोकाला कॅनडाची तपासणी आणि परत येताना अमेरिकेची. कॅनडाचा व्हिसा नसेल तर पुलाच्या वाटेला जाऊ नका.

व्हिसा असेल तर मात्र पायी जाणं हा उत्तम मार्ग आहे. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लांब असते. शिवाय पुलाच्या मधोमध सीमारेषा दाखवणारी पाटी आहे आणि तिथून समोर धबधबे दिसतात. भाड्याची गाडी नेणार असाल तर ती सीमेपलीकडे नेण्याची परवानगी कंपनीकडून आधी घ्या. आई-बाबांचा आरोग्य विमा फक्त अमेरिकेपुरता आहे की कॅनडातही चालतो, हेही विचारा. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

पाण्याची पाळी

आता घड्याळाकडे येऊ. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याला पाळ्या असतात: कुणाला कधी, किती तास, हे ठरलेलं असतं. नायगारालाही पाळी आहे. एक वाटेकरी म्हणजे धबधबा पाहायला आलेले लोक आणि दुसरा वाटेकरी वीज.

धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी उचलून बोगद्यांमधून आणि कालव्यांमधून खाली नेतात. तिथे कॅनडाची सर ॲडम बेक आणि अमेरिकेचं रॉबर्ट मोझेस अशी जलविद्युत केंद्रं आहेत. किती पाणी उचलायचं यावर बंधन घालणारा करार दोन्ही देशांनी फेब्रुवारी १९५० मध्ये केला. धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांमुळे क्युसेक हा शब्द आपल्या ओळखीचा आहे: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. नायगारा नदीत सरासरी दोन लाख क्युसेक पाणी येतं. करार म्हणतो की पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून पडलंच पाहिजे. एरवी, म्हणजे रात्री आणि संपूर्ण हिवाळ्यात, किमान पन्नास हजार. यावरचं जे पाणी उरेल ते वीजनिर्मितीसाठी दोन्ही देशांनी समसमान वाटून घ्यायचं.

'दिवसा' म्हणजे केव्हा, तेही करारात लिहिलं आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १०. १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात सकाळी ८ ते रात्री ८. म्हणजे तुम्ही भर जुलैत दुपारी जो नायगारा पाहता, तो साधारण अर्धी नदी असतो. रात्री साडेदहाला पाहिलात तर जेमतेम पाव.

हे नियंत्रण हॉर्सशू फॉल्सच्या वरच्या बाजूला नदीत उभ्या असलेल्या १८ दरवाज्यांच्या बांधकामावरून होतं. रात्री विजेची मागणी घटते, तेव्हा जास्तीचं पाणी पंपाने मोठ्या जलाशयांत चढवून ठेवतात आणि दिवसा मागणी वाढली की तेच सोडून वीज करतात. पर्यटक झोपलेले असताना पाणी साठवायचं आणि ते जागे असताना नदीला वाहू द्यायचं, असा हा हिशेब आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

मग रोषणाई पाहायला कधी जायचं?

धबधब्यावर रात्री रंगीत दिवे सोडतात. दिवे बघायला अंधार हवा आणि पाणी भरपूर बघायचं तर दहाच्या आत. या दोन अटी एकत्र ठेवल्या की कॅलेंडर आपोआप बोलू लागतं. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. नीट अंधार पडेपर्यंत साडेनऊ होतात, म्हणजे भरल्या पाण्यावरची रोषणाई जेमतेम अर्धा तास मिळते. ऑगस्टच्या अखेरीस सूर्यास्त आठच्या आसपास होतो, तेव्हा दीड तास मिळतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ दोन तास. १६ सप्टेंबरनंतर पाणी रात्री आठलाच कमी होऊ लागतं आणि हा अवधी पुन्हा आक्रसतो.

म्हणून मला विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते १५ सप्टेंबर हा सर्वांत चांगला काळ. हवा ऊबदार असते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी संपली की शाळांमुळे गर्दीही ओसरते. गणपती बहुधा याच सुमारास येतात, तेवढं जमवून घ्यावं लागेल.

सकाळचंही तसंच. हौसेने पहाटे साडेसहाला कठड्यापाशी गेलात तर गर्दी नसेल, पण पाणीही निम्मंच असेल. आठनंतर थोडा वेळ जाऊ द्या.

"म्हणजे आपल्याला खोटा धबधबा दाखवतात?"

हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण मला तो पटत नाही. वीज काढण्याचा उद्योग इथे करारापेक्षा जुना आहे. १८९५ मध्येच अमेरिकेच्या काठावर मोठं वीजकेंद्र सुरू झालं होतं. १९५० च्या कराराने पाण्याची किमान मर्यादा घालून दिली, म्हणून वीज कितीही हवी असली तरी धबधबा कोरडा पडत नाही.

दुसरं कारण भूगर्भातलं आहे. धबधब्याच्या माथ्यावर डोलोमाइट या कठीण खडकाचा थर आहे आणि त्याखाली शेल हा ठिसूळ खडक. पाण्याच्या माऱ्याने खालचा थर झिजतो, वरचा आधाराविना लोंबकळतो आणि मग तुटून पडतो. असं करत करत गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत हा धबधबा ११ किलोमीटर मागे सरकला आहे. पूर्वी त्याचा वेग वर्षाला एक मीटरच्या आसपास होता. पाणी वळवल्यामुळे आणि काठावर केलेल्या कामांमुळे तो आता सुमारे एक तृतीयांशावर आला आहे. १९६९ मध्ये तर अभियंत्यांनी मातीचा तात्पुरता बांध घालून अमेरिकन फॉल्स काही महिने पूर्ण कोरडा केला आणि खडक तपासला. पायथ्याचे दगड हलवावेत की नाही यावर पुढे बराच खल झाला, आणि ते जिथे आहेत तिथेच राहू द्यायचं ठरलं.

"अमेरिकेकडून काही दिसत नाही"

हे अर्धसत्य आहे. कॅनडाच्या काठावर उभं राहिलं की तिन्ही धबधबे समोर एका नजरेत येतात, आणि ते दृश्य अमेरिकेच्या काठाला लाभलेलं नाही, हे खरं. पण अमेरिकेच्या बाजूने तुम्ही पाण्याच्या इतके जवळ जाता की हात लांब केला तर लागेल असं वाटतं. गोट आयलंडच्या टेरापिन पॉइंटवर हॉर्सशू फॉल्सचा काठ कठड्याला लागून आहे. लूना आयलंडवर तुमच्या एका बाजूला अमेरिकन फॉल्स आणि दुसऱ्या बाजूला ब्रायडल व्हेल. केव्ह ऑफ द विंड्समध्ये लिफ्टने घळीत उतरून लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेलच्या अगदी पायथ्याशी जाता येतं. हिवाळी बर्फाने मोडू नयेत म्हणून हे जिने दर शरदात काढतात आणि वसंतात नव्याने बांधतात. प्रॉस्पेक्ट पॉइंटचा निरीक्षण मनोरा घळीवर पुढे डोकावतो. तिथून अमेरिकन आणि हॉर्सशू दोन्ही दिसतात.

बोटीच्या बाबतीत तर फरक जवळजवळ नाहीच. अमेरिकेची मेड ऑफ द मिस्ट आणि कॅनडाची बोट, दोन्ही हॉर्सशूच्या पोटातल्या त्याच तुषारांत जातात. निळे रेनकोट घातलेले अमेरिकेकडून आलेले, लाल घातलेले कॅनडाकडून, एवढाच भेद. कॅनडाचा व्हिसा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी बोटीत जरूर बसावं.

इंद्रधनुष्य दिसायला सूर्य पाठीमागे लागतो. अमेरिकेकडून आपण पश्चिमेकडे बघतो, म्हणून तिथे सकाळ चांगली. कॅनडाकडून पूर्वेकडे बघतो, तिथे दुपार टळल्यावर जावं. दोन्ही व्हिसा असतील तर सकाळी अमेरिका आणि दुपारी कॅनडा, हा क्रम उन्हानेच ठरवून दिला आहे.

अमेरिकेच्या बाजूचं राज्य उद्यान १८८५ सालचं आहे, आत चालत जायला पैसे पडत नाहीत. वाहनतळ, बोट, केव्ह ऑफ द विंड्स यांचे पडतात.

हिवाळ्यात गेलो तर?

धबधबा पूर्ण गोठत नाही. पाणी बर्फाच्या आवरणामागून वाहतच राहतं. मार्च १८४८ मध्ये मात्र ईरी सरोवरातल्या बर्फाने नदीचं तोंडच बुजवलं आणि एक दिवसाहून अधिक काळ पाणी जवळपास थांबलं होतं. १९३८ च्या जानेवारीत बर्फाच्या दाबाने इथला जुना पूल कोसळला. आता सरोवराच्या तोंडाशी दर हिवाळ्यात तरंगता अडसर लावतात.

हिवाळ्यात बोटी बंद, लाकडी जिने काढलेले आणि पाणी दिवसभर निम्म्यावर. बर्फाळलेली झाडं आणि कठडे बघण्यासारखे असतात, पण पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि थंडीची सवय नसलेल्या आई-बाबांना मी जानेवारीत नेणार नाही. त्यांच्यासाठी मे अखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ धरावा.

एका दिवसात उरकता येईल का?

टोरांटोहून येईल, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. न्यू जर्सीहून मात्र नको. गाडीने एका बाजूचेच सहा-सात तास लागतात. दुपारी पोचायचं, रांगेत उभं राहायचं, बोटीत भिजायचं आणि ओल्या बुटांनी परत निघायचं, यात ज्येष्ठांचे हाल होतात आणि संध्याकाळ हातची जाते. एक रात्र तिथेच राहा, उद्यानातून चालत जाता येईल अशा अंतरावर. पहिल्या संध्याकाळी रोषणाई, दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आणि गोट आयलंड. बेटावर फिरायला गाडी मिळते, गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता ती घ्यावी. केव्ह ऑफ द विंड्सच्या जिन्यांवर पायऱ्या बऱ्याच आहेत आणि लाकूड सतत ओलं असतं, तिथे तरुणांनी जावं.

कॅनडाचा व्हिसा काढायचा असेल तर भारतातून निघण्याआधी काढा. अमेरिकेतूनही अर्ज करता येतो, पण व्हिसा लावायला पासपोर्ट द्यावा लागतो, आणि परदेशात असताना पासपोर्ट हाताशी नसण्याची धाकधूक आई-बाबांना कशाला? कॅनडात मुलगी-जावई किंवा भाचे मंडळी राहत असतील, किंवा टोरांटोलाही जायचं असेल, तर व्हिसाचं शुल्क भरावं. नुसत्या समोरच्या काठावरच्या फोटोसाठी ते भरू नये. त्या पैशांत अमेरिकेच्या बाजूला आणखी एका रात्रीचा मुक्काम वाढवणं मला जास्त पटतं.